न झालेला भुंगेरा

माझ्याकडे एक खोटं अंबर आहे.

मधाच्या रंगाचा, अंगठ्याच्या नखाएवढा लोलक. आत पंख पसरलेली एक माशी. एका मैत्रिणीने प्रवासातून आणून दिलेला. सात वर्षं मी तो खरा धरून चालले, आल्यागेल्याला उजेडात धरून दाखवला. ‘ही माशी कोट्यवधी वर्षांपूर्वीची आहे’ हे वाक्य इतक्यांदा म्हटलं की त्यातलं ‘कोट्यवधी’ झिजून गुळगुळीत झालं. मग एका रविवारी, दुसरं काही करायचं नव्हतं म्हणून, पेल्यात पाणी घेतलं, मीठ विरघळेनासं होईपर्यंत घातलं आणि लोलक आत सोडला. खरं अंबर, म्हणजे कोट्यवधी वर्षांत दगडासारखी घट्ट झालेली झाडाची राळ, अशा पाण्यात तरंगतं. काच आणि बरीचशी प्लास्टिकं बुडतात. लोलक तरंगला. मी खूश. दोन दिवसांनी वाचनात आलं की पॉलिस्टायरीन नावाचं प्लास्टिकही तरंगतं. मग सुई तापवून लोलकाच्या कडेला टेकवली. अंबर असतं तर राळ जाळल्यासारखा वास आला असता. मला आला तो कंगवा जळल्याचा.

मैत्रिणीला हे अजून सांगितलेलं नाही.

खरं तर सुईची गरजच नव्हती. माशीकडे नीट बघितलं असतं तरी कळलं असतं. ती फार व्यवस्थित होती. दोन्ही पंख सारखे पसरलेले, पाय पोटाखाली आवरलेले, लोलकाच्या बरोबर मध्यावर. फोटो काढायला बसल्यासारखी. खऱ्या अंबरात कुणी असं बसत नाही. तिथे एखादा पाय तुटून बाजूला पडलेला असतो, एक पंख खाली चिकटून दुमडलेला असतो, तडफडीत अंग पिळवटलेलं असतं. सोबत झाडाचा कचरा, मातीचे कण, हवेचे बुडबुडे. बाल्टिक समुद्राकाठच्या अंबरात तर ओकच्या झाडाची चांदणीसारखी बारीक लव इतकी सापडते की ती दिसली की जाणकारांना बरं वाटतं. मरण्याआधी कुणी आवरासावर करत नाही, एवढं तरी मला सुचायला हवं होतं.

फसलेल्यांत मी एकटी नाही, हे एक समाधान. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये बाल्टिक अंबरातली एक माशी होती. 1966 मध्ये विली हेनिग यांनी, म्हणजे जीवांच्या वंशावळी मांडायची आजची पद्धत ज्यांनी घालून दिली त्या माणसाने, तिचा अभ्यास करून लिहिलं की ही आजही जगत असलेल्या फॅनिया स्कॅलारिस या जातीचीच आहे. म्हणजे जवळजवळ 4 कोटी वर्षांत या माशीत काही फरकच पडला नाही! लोक थक्क झाले. 1993 मध्ये अँड्र्यू रॉस यांनी तो तुकडा पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतला तेव्हा माशीभोवतीची चीर दिसली. कुणीतरी अंबर मधोमध कापून, एका अर्ध्यात खळगा कोरून, त्यात ताजी माशी बसवून दोन्ही अर्धे चिकटवले होते. ही जात शौचकूपांभोवती घोंघावणारी. बनावट करणाऱ्याला हाताशी जी सापडली ती त्याने घातली असणार.

बनावट करणाऱ्यांची आवड मात्र ठरलेली असते. विंचू, पाल, बेडूक, मोठी माशी, फुलपाखरू. ज्याच्याकडे बघून माणूस ‘अरे वा’ म्हणेल असं काहीतरी. अळी कुणी घालत नाही. दोन-चार मिलिमीटरची, तपकिरी, चुरगळलेल्या दोऱ्यासारखी अळी घालून कोण कुणाला फसवणार? लोलक खोटा निघाल्यावर मी खऱ्या अंबरांची छायाचित्रं बघायला लागले ती याच तिरीमिरीत: जे कुणी मुद्दाम घालणार नाही तेच बघायचं. त्यातून पोचले पाण्यात राहणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांपर्यंत. आणि तिथे माझी एक जुनी उधारी निघाली.

प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात मी दीड वर्ष काढलं आणि मग सोडून दिलं. कारणं होती, ती इथे महत्त्वाची नाहीत. त्या दीड वर्षातली एकच वस्तू उरली आहे, प्रात्यक्षिकाचं जर्नल. त्यात एका पानावर मी पेन्सिलीने जायरिनिडी कुळातल्या भुंगेऱ्याची अळी काढली होती, बाटलीतल्या नमुन्यावरून. हे भुंगेरे तुम्ही पाहिले असतील. संथ पाण्याच्या पृष्ठभागावर काळे चकचकीत ठिपके टोळीने गिरक्या घेत असतात, हात नेला की वेड्यासारखे फिरतात आणि बुडी मारतात. त्यांचे डोळे दोन भागांत वाटलेले असतात, वरचे पाण्यावरचं बघायला, खालचे पाण्यातलं. प्रौढ भुंगेरा असा ऐटबाज. त्याची अळी मात्र त्याची कुणीच लागत नसावी अशी दिसते: लांब, फिकट, तळाच्या गाळात वळवळणारी, अंगाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले आणि शेपटाकडे चार आकड्या. एखाद्या गोमेने अंगावर झालर शिवून घेतल्यासारखी.

मी कल्ल्यांच्या नऊ जोड्या काढल्या होत्या. सरांनी पानाखाली लाल पेनाने दोनच शब्द लिहिले: ‘अपूर्ण. मोजा.’ पोटाच्या पहिल्या आठ खंडांवर एकेक जोडी आणि नवव्यावर दोन, अशा दहा असतात. नवव्या खंडापाशी येईपर्यंत मला कंटाळा आला असावा.

आता अंबराकडे. मराठीत या शब्दाची जरा पंचाईत आहे. अंबर म्हणजे आकाश, अंबर म्हणजे वस्त्र, आणि अंबर म्हणजे देवमाशाच्या पोटातून येणारं सुगंधी द्रव्यही. हे तिसरं अरबी ‘अन्बर’मधून आलं. युरोपीय भाषांनीही तोच शब्द उचलला आणि किनाऱ्यावर सापडणाऱ्या दोन अगदी वेगळ्या वस्तूंना एकाच नावाने बांधून टाकलं. आपल्याकडचा जुना शब्द जास्त देखणा आहे: तृणमणी. घासला की गवताची काडी ओढून घेणारा मणी. फारसीतला ‘काहरुबा’ही तेच सांगतो, काडी पळवणारा. ग्रीक लोक याला ‘इलेक्ट्रॉन’ म्हणत आणि त्यावरून पुढे विजेचं इंग्रजी नाव आलं. घासल्यावर काडी ओढणारा हा मणी एकेकाळी झाडाची ओली, चिकट राळ होता आणि तेव्हा तो काडीबरोबर आणखीही बरंच काही ओढून घेत होता, हे नाव देणाऱ्यांच्या डोक्यात असेल-नसेल. नाव मात्र दोन्हीकडे लागू पडतं.

राळ हा शब्द इथे जपून वापरायला हवा. मराठीत झाडातून निघणाऱ्या गोष्टींना वेगवेगळी नावं आहेत आणि ती उगाच नाहीत. झाडाच्या अंगातून खेळतो तो रस. पान तोडल्यावर पांढरा येतो तो चीक. सालीवर साठतो आणि पाण्यात विरघळतो तो डिंक. आणि पाण्यात विरघळत नाही ती राळ. अंबर बनतं ते फक्त राळेचं. पुष्कळ ठिकाणी ‘झाडाच्या रसात अडकलेला कीटक’ असं लिहिलेलं असतं ते चूक. रस वाहून जातो, डिंक विरघळतो. राळेतले उडून जाणारे घटक उडून जातात, उरलेल्यांची साखळी होऊन ती घट्ट होत जाते, मातीखाली गाडली जाते, आणि लाखो-कोट्यवधी वर्षांनी तिचं अंबर होतं. मधली, अर्धवट पिकलेली अवस्था म्हणजे कोपल. कोपलवर स्पिरिट चोळलं की ते चिकट होतं आणि आपलं तरुण वय कबूल करतं.

राळ पाण्यात विरघळत नाही, ही गोष्ट मला आधी नुसती व्याख्येतली वाटली होती. पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

कारण मूळ कोडं असं: जी अळी तळ्याच्या तळाशी राहते, कल्ल्यांनी पाण्यातला ऑक्सिजन घेते, ती झाडाच्या सालीवरून ओघळणाऱ्या राळेत सापडतेच कशी? अंबरातले बहुतेक प्राणी झाडावरचे, झाडाभोवतीचे किंवा हवेतले असतात. सगळ्यांत जास्त भरणा माश्या, चिलटं, डास यांचा. पाण्याची खूण अंबरात भरपूर मिळते, पण ती पाणी सोडून गेलेल्यांकडून. चतुर, मेफ्लाय, पाण्यावर घोंघावणारी चिलटं, यांचं बालपण पाण्यात जातं, पण राळेत अडकतात ते पंख फुटल्यावर. जवळपास कुठेतरी ओढा होता हे त्यांच्यावरून कळतं. तो ओढा आतून कसा होता हे सांगायला मात्र अळीच लागते.

या कोड्याचं उत्तर शोधायला दोघांनी सरळ झाडाला करवत लावली. अलेक्झांडर श्मिट आणि डेव्हिड डिल्चर या शास्त्रज्ञांनी फ्लोरिडातल्या एका दलदलीच्या जंगलात पाण्यात उभ्या असलेल्या पाइनच्या झाडांची साल कापली आणि राळ पाण्यात वाहू दिली. 2007 मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. पाण्यात गेलेली राळ विरघळत तर नाहीच, लगेच कडकही होत नाही, चिकटच राहते. पाण्यातले छोटे जीव तिला धडकतात, चिकटतात, सुटायची धडपड करतात आणि त्या धडपडीनेच आत आत जातात. त्यांना राळेत पाण्यातले भुंगेरे, माइट, बारीक कवचधारी, सूत्रकृमी, एकपेशीय जीव असं बरंच काही मिळालं. म्हणजे पाण्यातून उडून किंवा चालत झाडापर्यंत जायची गरजच नव्हती. झाडच पाण्यात आलं होतं.

हा प्रयोग मला फार आवडला. एक तर त्यात कुठलं महागडं यंत्र नाही. आणि दुसरं म्हणजे, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या घटनेबद्दल वाद घालत बसण्यापेक्षा ती आज घडते का ते बघू, हा साधा हट्ट.

आणखीही वाटा आहेत. काही भुंगेऱ्यांच्या अळ्या झाडाच्या ढोलीत साचलेल्या पाण्यातच राहतात. सर्टिडी कुळातल्या काही अशा. भुंगेऱ्यांच्या अळ्यांना सहसा आखूड मिशा असतात, यांना मात्र लांबच लांब, अनेक पेरांच्या. त्यांचं तळं म्हणजे खोडातलं ओंजळभर पाणी; राळ शेजारच्याच भिंतीतून येणार. काही भुंगेरे दगडावरून झिरपणाऱ्या पाण्याच्या पातळ थरातच राहतात, पाणी आणि जमीन यांच्या अगदी सीमेवर. बाल्टिक अंबरातून 2014 मध्ये नोंदवलेला हायड्रोट्रुपिस प्रोमिथियस हा प्रौढ भुंगेरा अशाच सवयीच्या घराण्यातला. त्याचे आजचे नातलग अमेरिकेच्या पश्चिम भागात आणि चीनमध्ये राहतात, युरोपात कुणीही नाही. कधी पूर येतो आणि पाणी झाडांच्या बुंध्यांवर चढतं. कधी डबकं आटतं आणि अळीला बाहेर पडावं लागतं.

आणि एक वाट अशी आहे की तिच्यावर माझं मन अडकून बसतं.

डायटिस्किडी कुळातल्या पाणभुंगेऱ्यांच्या अळ्यांना इंग्रजीत पाण्यातल्या वाघिणी म्हणतात, आणि ते उगाच नाही. डोक्याला कोयत्यासारखे दोन जबडे, दोन्ही आतून पोकळ. सावज पकडलं की त्या पोकळीतून पाचक रस त्याच्या अंगात सोडायचा, आतलं सगळं पातळ करायचं आणि त्याच वाटेने शोषून घ्यायचं. बेडकाची पिल्लं, छोटे मासे, दुसऱ्या अळ्या, स्वतःच्या जातीच्यासुद्धा. डोक्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा साधे डोळे. हवा मात्र त्यांना वरूनच घ्यावी लागते. शेपटीचं टोक पृष्ठभागाला लावून त्या डोकं खाली करून लटकतात, टोकाशी श्वासरंध्रं असतात. पाण्यात असं सगळं जुळून आलेलं. दोनदा कात टाकतात, मोठ्या होतात, त्या डबक्यात त्यांना फारसं कुणी विचारत नाही.

आणि मग एक दिवस पाणी सोडून बाहेर येतात. कोष करायला ओली माती लागते. पाण्यात कोष होत नाही. गिरक्या घेणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांचंही तेच. पूर्ण वाढलेली अळी काठावर किंवा पाणवनस्पतीच्या देठावर चढते आणि चिखल-कचऱ्याचं घरटं करून त्यात कोषात जाते. पोहायला बनलेले पाय घेऊन, ओल्या कातडीनिशी, कल्ले निरुपयोगी झालेले असताना, जिथे कधी गेली नाही त्या कोरड्या जगात काही हात अंतर चालायचं. ते अंतर पार केलं की भुंगेरा. त्या अंतरातच कुठेतरी झाडाचं मूळ, खोड, आणि खोडावरून खाली आलेला राळेचा ओघळ.

अंबरात सापडलेली प्रत्येक पाणअळी अशीच अडकली असं मी म्हणत नाही. नेमकं कोण कसं अडकलं हे एकेका तुकड्याकडे बघून ठरवावं लागतं. सोबत काय आहे, बुडबुडे कसे आहेत, राळेचे थर कसे पडले आहेत. कधी कधी तर अळी नसतेच, तिने टाकलेली कात असते. अळी केव्हाच पुढे निघून गेलेली. (हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला उगाचच आनंद झाला.) पण ज्या अडकल्या त्यांतल्या काही तरी त्या चालण्यात अडकल्या असणार, हा विचार डोक्यातून जात नाही. पाण्यात राहिली असती तर वाचली असती, आणि पाण्यात राहिली असती तर भुंगेरा कधीच झाली नसती.

2020 मध्ये गुस्ताफसन, मिशात आणि बाल्के या तिघांनी म्यानमारच्या अंबरातल्या एका अळीचं वर्णन प्रसिद्ध केलं. अळी जायरिनिडीची. माझ्या जर्नलमधलीच! म्हणजे तिच्या मूळ घराण्यातली एक जुनी, पुढे वंश न उरलेली शाखा. म्यानमारचं हे अंबर सुमारे 9 कोटी 90 लाख वर्षांपूर्वीचं आहे. ज्या खडकात ते सापडतं त्यातल्या ज्वालामुखीच्या राखेतले झिरकॉनचे स्फटिक तपासून 2012 मध्ये हे वय काढलं गेलं. डायनासोर अजून तीन कोटी वर्षं राहणार होते. अळीला नाव मिळालं कायमेरोगायरस गिगागॅलिया. ‘गॅलिया’ हा कीटकांच्या मुखांगातला एक छोटा भाग, तो हिच्यात मोठा, म्हणून गिगागॅलिया. आणि कायमेरा म्हणजे ग्रीक पुराणातला सिंह, बोकड आणि साप यांची मोट बांधून केलेला प्राणी, कारण हिच्या अंगात जुनी आणि नवी लक्षणं एकत्र नांदतात.

मी थबकले ती यापाशी: नाव अळीचं आहे. एकाच अळीचं. तिचा भुंगेरा कुणी पाहिलेला नाही. त्याचे डोळे दुभागलेले होते का, तो टोळीने गिरक्या घ्यायचा का, चकचकीत होता का, काहीच माहीत नाही. प्राण्यांना नाव देण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांना हे चालतं. जातीचा आधार म्हणून कुठल्याही अवस्थेतला नमुना धरता येतो. अंडं, अळी, कोष, प्रौढ, सगळे कागदावर सारखेच. उद्या त्याच अंबरात एखादा प्रौढ गिरकीवाला भुंगेरा सापडला आणि तो याच जातीचा असला, तरी ते सिद्ध करणं फार कठीण. तो वेगळ्या नावाने कपाटात बसेल. आई आणि मूल, किंवा त्याहून जवळचं, तोच आणि तोच, दोन नावांनी शेजारशेजारच्या खणांत.

आपल्याला अळी म्हटलं की ‘पुढे काय होणार’ हेच आधी सुचतं. अळी म्हणजे तयारी, भुंगेरा म्हणजे खरा. वर्गातही आम्ही तसंच शिकलो: जीवनचक्राच्या आकृतीत बाण असतात आणि सगळे बाण प्रौढाकडे धावतात. पण हिशेब बघितला तर अनेक कीटक आयुष्याचा मोठा भाग अळीपणातच काढतात. खाणं, वाढणं, मारणं, पळणं हे सगळं बहुतांशी तिथेच. प्रौढ होणं म्हणजे पुष्कळांच्या बाबतीत थोडे दिवस, एक जोडीदार आणि अंडी. गेल्या काही वर्षांत म्यूनिकच्या विद्यापीठातले योआखिम आणि कॅरोलिन हाउग यांच्यासारखे अभ्यासक अंबरातल्या अळ्यांच्याच मागे लागले आहेत, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. प्राचीन जंगलात कोण काय खात होतं हे विचारायचं असेल तर अळ्यांना विचारायला हवं. त्यांना कुळ लावता आलं नाही तरी त्यांचे जबडे मोजता येतात, आकार ताडून बघता येतात. नाव हे बऱ्याचदा आपल्या सोयीसाठी असतं. कायमेरोगायरसला स्वतःला ती अर्धवट आहे असं कधी वाटलं नसणार. मला माझ्या दीड वर्षाबद्दल वाटतं, ते वेगळं.

अंबरातला प्राणी बाहेरून जितका ताजा दिसतो तितका आतून नसतो. पुष्कळदा आत पोकळी असते आणि तिच्या भिंतीवर प्राण्याचा हुबेहूब ठसा. बाल्टिक अंबरातल्या कीटकांवर अनेकदा एका बाजूने पांढरी दुधट साय दिसते, कुजताना बाहेर पडलेल्या द्रवांची. म्हणून आता तुकडा न कापता क्ष-किरणांनी थराथराने प्रतिमा घेतात आणि संगणकावर प्राणी पुन्हा उभा करतात. डीएनएचं म्हणाल तर त्या चर्चेत मला रस उरलेला नाही. 1990च्या दशकात मोठे दावे झाले, कुणालाही ते पुन्हा करून दाखवता आले नाहीत. बुडबुड्यांतल्या हवेचंही तसंच. 1988 मध्ये ती मोजून क्रिटेशस काळात, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडात, ऑक्सिजन आजच्यापेक्षा बराच जास्त होता असं मांडलं गेलं. मग आक्षेप आला की अंबर हवाबंद नसतं, वायू त्यातून हळूहळू आतबाहेर करतात. पण श्वासासाठी पृष्ठभागाला लटकणारी अळी आणि तिच्या शेपटीजवळचा एक बुडबुडा असं कुठे दिसलं की माझाच श्वास अडकतो, हवा जुनी असो की नवी.

भारतातलं अंबर याहून वेगळं वागतं. सुरतजवळच्या वास्तानच्या लिग्नाइट खाणीतलं, साधारण 5 कोटी वर्षांपूर्वीचं, खंभात अंबर म्हणून ओळखलं जाणारं. 2010 मध्ये त्यातल्या कीटकांबद्दलचा मोठा शोधनिबंध आला. ते डिप्टेरोकार्प कुळातल्या झाडांचं आहे, म्हणजे सालवृक्षाच्या घराण्यातलं, आणि ज्याला आपण राळ म्हणत आलो ती सालवृक्षाचीच. या अंबराची साखळी इतरांसारखी घट्ट बांधली गेलेली नाही, त्यामुळे ते टोल्युइनसारख्या द्रावकात विरघळवता येतं आणि आतला कीटक अख्खा, सुटा बाहेर काढता येतो. बाकी सगळीकडे आपण काचेबाहेरून बघतो. इथे मात्र पाच कोटी वर्षांनी राळ मूठ उघडते आणि आतला जीव ओला होऊन बाहेर येतो. मेलेलाच, पण बाहेर.

म्यानमारबद्दल एक गोष्ट मागे राहिली आणि ती राहू देता येत नाही. कायमेरोगायरस ज्या अंबरातली, ते काचिन राज्यातल्या हुकाँग खोऱ्यातून येतं. माणसं अरुंद, खोल विहिरींसारख्या खड्ड्यांत उतरून ते खणतात. त्या प्रदेशात वर्षानुवर्षं लष्कर आणि काचिन बंडखोर यांचा संघर्ष चालू आहे. 2017 मध्ये लष्कराने खाणींचा ताबा घेतला. 2020 मध्ये पृष्ठवंशीय जीवाश्मांच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने नियतकालिकांना पत्र लिहून सांगितलं की त्यानंतर खाणींतून बाहेर पडलेल्या अंबरावरचे निबंध छापणं थांबवा. आपल्या कुतूहलातून युद्धाला पैसा जातो. उलट बाजूचं म्हणणं असं की शास्त्रज्ञांनी घेतलं नाही तर तेच तुकडे घासून दागिने होतील आणि आतलं जग कायमचं जाईल. दोन्ही खरं आहे. तरी मला विचाराल तर थांबावं. अळी 9 कोटी 90 लाख वर्षं थांबली आहे, तिला आणखी थोडं थांबता येईल. खड्ड्यात उतरणाऱ्या माणसाला थांबता येत नाही. अळीला तर नाव मिळालं, भारदस्त ग्रीक-लॅटिन घाटाचं. तिला वर आणणाऱ्याचं नाव कुठल्याच कागदावर नसतं.

त्याच अंबरात 2019 मध्ये अमोनाइटचा शंख सापडला, समुद्रातला. 2021 मध्ये जेमतेम पाच मिलिमीटरचा एक खेकडा. त्याचं नाव क्रेटॅप्सरा अथानाटा. क्रिटेशस काळातली अमर अप्सरा! अप्सरा म्हणजे मुळात पाण्यात वावरणारी, ‘अप्’ म्हणजे पाणी, हे नाव ठेवणाऱ्यांनी बरोबर हेरलं. शंख, खेकडा, अळ्या. त्या जंगलाच्या मुळाशी पाणी होतं, बहुधा गोडंही आणि खारंही. झाडं त्याच्या काठावर उभी राहून गळत होती.

खोटा लोलक मी फेकलेला नाही. टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवते, आणि तो त्या कामासाठीही हलकाच आहे. काल त्याच्याखालून जर्नल काढलं. पानांच्या कडा पिवळ्या पडल्यात, पेन्सिल फिकी झाली आहे, लाल पेन मात्र अजून तसंच. पडद्यावर जायरिनिडीच्या जिवंत अळीचं एक चांगलं छायाचित्र उघडलं, भिंग घेतलं आणि मोजायला बसले. आठव्या खंडापर्यंत काही अडचण नाही. नवव्यावर पहिली जोडी सरळ दिसते. दुसरी तिच्याखाली जरा मागे वळलेली असते, शेपटीच्या आकड्यांच्या दिशेने, आणि पिसं एकमेकांत मिसळलेली, त्यामुळे घाईत बघणाऱ्याला ती एकच वाटते.

पेन्सिल टोकदार करून ठेवली आहे. जोडी अजून काढलेली नाही.